घराला चाके का लागली नाहीत?

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. झोपायला पलंग, स्वयंपाकाचा ओटा, स्वच्छतागृह अशा सोयी असलेली मोटार घेऊन हिंडावे, रात्री ती एखाद्या तळावर उभी करावी आणि तिथे पाणी, वीज व सांडपाण्याची व्यवस्था मिळावी, अशी ही कल्पना आहे. महाबळेश्वर, पाचगणी, कास आणि कोयनेचे खोरे ज्या जिल्ह्यात आहे, तिथे अशा गाडीला गिऱ्हाईक मिळाले तर नवल नाही. नवल दुसऱ्याच गोष्टीचे आहे. सातारा-सांगलीचा हा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या फिरतीवर जगणाऱ्या माणसांचा. माणदेशातले मेंढपाळ, बुट्ट्या विणणारे कैकाडी, लोहारकाम करणारे घिसाडी, तमाशाचे फड, सर्कशी, तंबूतले सिनेमे, ऊसतोडणीच्या टोळ्या. या सगळ्यांनी आपले घर बरोबर नेले. पण त्या घरालाच चाके लावण्याचे काम त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीच केले नाही. असे का झाले असावे?

मूळ शब्दच मोठा बोलका आहे. फारसी ‘कारवान’ म्हणजे एकत्र प्रवास करणाऱ्यांचा तांडा. युरोपात गेल्यावर तांड्याचा अर्थ बदलत तांड्यातल्या गाडीपर्यंत आला आणि इंग्रजांनी त्याचे शेपूट तोडून ‘व्हॅन’ केली. म्हणजे आपण शाळेची व्हॅन म्हणतो तेव्हा तिच्यात अर्धा कारवान असतोच. माणसे गळाली आणि वाहन उरले.

पण युरोपातही चाकांचे घर फार जुने नाही. इंग्लंडमधील रोमा लोकांचे रंगीत लाकडी घर-गाडे चित्रांतून आपल्या ओळखीचे झाले आहेत. ते प्राचीन असावेत असे वाटते. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे लोक वाकवलेल्या काठ्यांवर कांबळी टाकून केलेल्या तंबूंत राहत, आपल्याकडच्या पालांसारख्याच. घर-गाडे आधी आले ते जत्रांत खेळ दाखवणाऱ्यांकडे, आणि तेही एकोणिसाव्या शतकातच. मौजेसाठी खास बांधलेली पहिली कॅराव्हॅन मानतात ती डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांची ‘वाँडरर’. नौदलातून निवृत्त झालेले हे डॉक्टर मुलांसाठी साहसकथा लिहीत. १८८५ मध्ये ते दोन घोड्यांच्या या गाडीतून इंग्लंडच्या दक्षिणेकडून थेट स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत गेले. सामानासह गाडीचे वजन सुमारे दोन टन होते. रस्ता मोकळा आहे का हे पाहायला त्यांचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जात असे!

हा सगळा बदल एकोणिसाव्या शतकातच का घडला? या शतकाच्या पहिल्या काही दशकांत मॅकॅडम यांच्या पद्धतीने खडी दाबून केलेले टणक रस्ते इंग्लंडभर पसरले. आधी रस्ता कठीण झाला, मग घराला चाके लागली. आपल्याकडे काय झाले ते आता थोडे गणित करून पाहू. हे गणित आठवी-नववीच्या वर्गात सहज करता येईल.

चाक जमिनीवर फिरताना होणारा विरोध भाराच्या काही टक्के असतो. लोखंडी धावेचे चाक मऊ मातीच्या वाटेवर असेल तर हा विरोध अंदाजे ८ टक्के धरू, खडीच्या टणक रस्त्यावर ३ टक्के, आणि हवा भरलेले टायर डांबरी रस्त्यावर असेल तर दीड टक्का. आता बैलजोडी घेऊ. खिलार जोडीचे वजन ८०० किलो मानले, तर दिवसभर न दमता ती आपल्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा ओढ लावू शकते, म्हणजे ८० किलो वजन उचलायला लागते तेवढे बळ. दोन टनांची ‘वाँडरर’ मातीच्या सपाट वाटेवर ओढायला २००० चे ८ टक्के, म्हणजे १६० किलोची ओढ हवी. एका जोडीच्या शक्तीच्या दुप्पट! खडीच्या रस्त्यावर मात्र ६० किलोत काम भागते. वीस मीटरला एक मीटर असा चढ लागला, की उताराच्या दिशेने वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे आणखी १०० किलो, मागे खेचतो. घाटात जादा बैल जुंपण्याची पद्धत यातूनच आली.

कृष्णाकाठची काळी जमीन पावसाळ्यात चाक कसे गिळते ते इथल्या शिक्षकांना सांगायला नको. दख्खनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गाड्या होत्या त्या भरीव चाकांच्या, बोजड, गावातल्या गावात वापरायच्या. लांबचा माल बैलांच्या पाठीवरून जाई. लमाणांचे तांडे हेच त्या काळचे मालवाहतूक खाते. १८३० च्या दशकात आजच्या सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णीत गेसफर्ड नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने आऱ्यांच्या चाकांच्या हलक्या गाड्या बनवण्याचा कारखाना काढला, आणि पुढे तशा दोन बैलांच्या गाड्या रूढ होत गेल्या. पण तीही गाडी हलकी होती म्हणूनच चालत होती. तिच्यावर भिंती, छप्पर आणि बिछाने चढवले असते, तर माल ठेवायला आणि बैलांच्या अंगात काहीच उरले नसते. तेव्हा पाल, चार काठ्या, भांडी आणि कोंबड्यांचे खुराडे गाढवावर किंवा तट्टावर लादणे हा अडाणीपणा नव्हता. त्या वाटांवरचे ते चोख उत्तर होते. पालाचे वजन एक जनावर सहज वाहते आणि जिथे चाक जात नाही तिथे खूर जातो.

या मुलखातली सर्वांत मोठी फिरती घरे सर्कशीची. सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे हे निष्णात अश्वशिक्षक. १८७९ मध्ये मुंबईत कियारिनी या इटालियनाची सर्कस आली. त्यानंतर वर्षभराच्या आत, २० मार्च १८८० रोजी, छत्र्यांच्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ मुंबईत झाला. भारतीय सर्कशीचा आरंभ तिथून मानतात. पुढे म्हैसाळचे देवल, तासगावचे परशुराम माळी यांनीही सर्कशी काढल्या, आणि आज ज्याला आपण सांगली जिल्हा म्हणतो त्या टापूतून खेळाडूंचे ताफे देशभर गेले. (छत्र्यांच्या ताफ्यात फक्त घोडे नव्हते. ते स्वतः ग्वाल्हेरला गाणे शिकलेले होते, आणि ख्यालगायक रहिमतखाँ कित्येक वर्षे त्यांच्या या फिरत्या संसारात राहिले.)

माणसे, हत्ती, घोडे, पिंजरे, तंबूचे खांब आणि मैलभर दोर घेऊन गावोगाव जायचे ते कसे? चाके हवीतच, पण ती रुळांवरची. लोखंडावर लोखंड फिरते तेव्हा विरोध अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतो. पूर्वीच्या मातीच्या वाटेशी तुलना करा, सोळा पटींहून अधिक फरक. १८९० च्या सुमारास पुणे-मिरज लोहमार्ग पूर्ण झाला आणि वाठार, कराड, मिरज ही स्थानके देशाला जोडली गेली. अर्थात हा मार्ग मीटरगेज होता, एक मीटर रुंदीचा; पुण्याहून मुंबईकडे जाणारा १६७६ मिलिमीटरचा. डबे एका मार्गावरून दुसऱ्यावर जात नसत, त्यामुळे पुण्यात सगळा पसारा उतरवून पुन्हा चढवावा लागे. हत्ती निदान स्वतः चालत जाई. मुक्कामी पोचल्यावर माणसे तंबूंत राहत. चाकांचे घर मिळाले ते फक्त वाघसिंहांना, पिंजऱ्याच्या रूपाने. उघड आहे, सिंहाला रोज उतरवून राहुटीत नेणे परवडणारे नव्हते.

पुढे मोटारट्रक आले. कवलापूरच्या काळू-बाळूंसारखे तमाशाचे फड ट्रकमधून फिरू लागले. पुसेगाव, म्हसवड, पालीच्या जत्रा ही त्यांची आणि तंबू-सिनेमांची हक्काची ठिकाणे. तंबू-सिनेमावाल्यांनी तर ट्रकचीच यंत्रखोली केली. प्रोजेक्टर ट्रकमध्ये पक्का बसवलेला, ट्रक तंबूच्या तोंडाशी उभा, आणि झोत थेट पडद्यावर. वाहनातच बिऱ्हाड करण्याच्या अगदी जवळ आलेली ही मंडळी. पण तिथेही हक्क यंत्राचा. माणसे मिळेल त्या कोपऱ्यात पथारी टाकत.

मग आजच्या कॅराव्हॅनचे काय? रस्ता आणि टायर यांनी जुनी अडचण जवळपास संपवली आहे. तरी ती निवडताना प्रश्न गाडीवानाचेच आहेत. आपल्याकडे ओजे मागे जास्त झाले आणि जू वर उचलले जाऊ लागले, तर गाडी ‘उलाळ’ झाली म्हणतात. पुढे जास्त झाले आणि बैलांच्या मानेवर भार आला, तर ‘धुरजड’. मोटारीमागे जोडायच्या घराला नेमका हाच नियम लागतो. त्याचा थोडा भार, साधारण वजनाच्या ५ ते १० टक्के, जोडणीवर पडलाच पाहिजे. ते उलाळ झाले, तर वेगात मागचे टोक डावे-उजवे झोकांड्या खाऊ लागते आणि अखेर ओढणाऱ्या मोटारीलाही आपल्याबरोबर भिरकावते. नागमोडी घाटात असे जोडवाहन मागे घेणे तर फारच जिकिरीचे. आपल्याकडे पाहायला मिळते ती कॅराव्हॅन बहुधा एकाच सांगाड्यावर घर आणि इंजिन असलेली असते, हे इथल्या घाटांच्या दृष्टीने शहाणपणाचेच आहे.

वजन मोजताना पाणी विसरू नये. शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो, आणि ती अर्धी रिकामी असेल तर वळणावर डचमळते. पण खरी परीक्षा उताराची. पाचगणी आणि वाई यांच्या उंचीत साधारण ५७० मीटरचा फरक आहे. तीन टनांची गाडी पसरणीचा घाट उतरते तेव्हा ३००० × ९.८ × ५७०, म्हणजे जवळजवळ १ कोटी ६८ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठली, तर तेवढ्या उष्णतेत ५० लिटर थंड पाणी उकळायला लागेल. म्हणून उतारावर पाय ब्रेकवर ठेवून बसायचे नसते. खालचा गिअर टाकून इंजिनाकडूनच गाडी रोखून घ्यायची. सोयींची यादी पाहून गाडी ठरवणाऱ्यांना विक्रेता हे बहुधा सांगत नाही.

रस्ता झाला, वजन झाले. तिसरा प्रश्न थांबण्याचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत अवघड. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. १९५२ मध्ये तो रद्द होईपर्यंत त्यांना हजेरी द्यावी लागे आणि जाण्यायेण्यासाठी परवानगी घ्यावी लागे. फलटण तालुक्यात जन्मलेले लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ हे आत्मकथन १९८० मध्ये आले. गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव जाणाऱ्या कैकाडी कुटुंबाला पाल ठोकण्यापुरती जागा मिळवणेही किती कठीण होते, ते त्यातून मराठी वाचकाला प्रथमच इतक्या जवळून कळले. कॅराव्हॅनच्या धोरणात तळ, पाणी, स्वच्छतागृह यांचा विचार आधी झाला आहे. तो योग्यच आहे. घर फिरते झाले की या गोष्टी घराबाहेर शोधाव्या लागतात.

पावसाळा संपून साखर कारखान्यांचा हंगाम लागला की सांगली-साताऱ्याच्या रस्त्यांवर ऊस भरलेल्या टायरगाड्या दिसू लागतात. दोन बैल आणि दीड-दोन टन ऊस. वर मांडलेले गणित आठवा: डॉक्टरसाहेबांच्या ‘वाँडरर’चे जे वजन होते, तेच आज आपली बैलजोडी डांबरी रस्त्यावर रोज ओढते. टायरने घराला चाके लावणे शक्य केले, पण त्या वजनात घर बसले नाही, ऊस बसला. गाडीवान आणि त्याचे कुटुंब बीडसारख्या लांबच्या जिल्ह्यांतून येते आणि कारखान्याच्या तळावर बांबू आणि चटयांच्या कोपीत पाच-सहा महिने राहते. पाणी कुठून आणायचे आणि आडोसा कुठे शोधायचा, हे बाईने पहिल्याच दिवशी पाहून ठेवलेले असते.

त्या कोपीत शाळेच्या वयाची मुलेही असतात. गावाकडे हंगामी वसतिगृहे आहेत, काही ठिकाणी साखरशाळाही चालल्या, तरी बरीच मुले आईबापांबरोबर येतात आणि दिवसभर धाकटी भावंडे सांभाळतात. मूळ शाळेचा दाखला त्यांच्याकडे क्वचितच असतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम ५ नुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून शाळेला अशा मुलाचा प्रवेश थांबवता येत नाही. कारखान्याचा तळ जवळ असेल, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे एक फेरी मारली तरी ही मुले किती आहेत ते कळते.