पावसाळ्याचे वेळापत्रक

कोकणच्या मुलुखात पावसाळ्याचे वेळापत्रक प्रथम समुद्राने आखले. मृग निघाला की गलबते किनाऱ्यावर ओढून झापांखाली शाकारीत. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्यावाचून त्यांना पाणी दिसत नसे. थांबणे हीच त्या काळची तयारी होती.

पुढे आगबोटी आल्या. किनाऱ्यावरची लांब फेरी त्याही पावसाळ्यात बंद ठेवीत. पण मुंबई-रेवस ही जवळची वाट चालूच राहिली. १७ जुलै १९४७ रोजी त्याच वाटेवर 'रामदास' बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. अंतर थोडे म्हणून वादळ काही थोडे होत नाही!

१९९८ साली कोकण रेल्वे सबंध खुली झाली. आता बारमाही वाट मिळाली, असे आपण समजलो. डोंगराला ते मान्य नव्हते. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरडीने गाडी घसरून पन्नासावर प्रवासी दगावले. पुढल्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा घसरली. मग कड्यांवर जाळ्या बसल्या, उतार सौम्य केले गेले, पुलांवर वारा मोजणारी यंत्रे लागली, भर पावसात रुळांवर रात्रंदिवस गस्त फिरू लागली. पावसाळ्यात गाड्यांचा वेग उतरविला. मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले, की तो ताशी ४० किलोमीटरवर येतो.

गाडीला उशीर का, असे घरातली मुले कुरकुरत विचारतात. त्यांना एवढेच सांगावे : बाळांनो, आपले पणजोबा पावसाळ्यात थांबत असत, आपण हळू जातो. दोघांनाही घरीच पोचायचे असते.