पेशीपृष्ठावरील प्रोटिओग्लायकॅन आणि गर्भविकास : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मुंबई उपनगरातील महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विद्यार्थी कोंबडीच्या गर्भाच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासतात. सारख्या दिसणाऱ्या पेशींतून निरनिराळे अवयव कसे घडतात, हे सांगताना वृद्धी-घटक ही प्रथिने आणि त्यांना ओळखणारे ग्राही यांचा उल्लेख येतो. या दोहोंमध्ये मध्यस्थी करणाऱ्या प्रोटिओग्लायकॅन रेणूंकडे मात्र विज्ञानाचे लक्ष उशिरा गेले. हा विलंब का झाला व तो कसा दूर झाला, याचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

रक्तापासून पेशीपृष्ठापर्यंत

१९१६ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन या विद्यार्थ्यास प्राण्यांच्या ऊतींत रक्त गोठू न देणारा पदार्थ आढळला. त्यांचे मार्गदर्शक विल्यम हॉवेल यांनी १९१८ मध्ये यकृतातील अशा पदार्थास हेपरिन हे नाव दिले. पुढे १९४८ मध्ये यॉर्पेस व गार्डेल यांनी हेपरिनसारखीच, परंतु कमी सल्फेट असलेली शर्करा-शृंखला वर्णिली. तीच आजची हेपरान सल्फेट होय. गाभ्याचे प्रथिन व त्यास जोडलेल्या अशा शृंखला मिळून प्रोटिओग्लायकॅन बनते.

प्रथिनातील घटकांचा क्रम जनुकात लिहिलेला असतो. शर्करा-शृंखला मात्र अनेक विकरांच्या क्रमवार कार्यातून घडते. तिचा आराखडा जनुकात थेट सापडत नाही. त्यामुळे ती दीर्घकाळ केवळ पेशींभोवतीचे भरण मानली गेली. १९९१ मध्ये संवर्धित पेशींवरील प्रयोगांतून असे दिसले, की हेपरान सल्फेटाविना फायब्रोब्लास्ट वृद्धी-घटक आपल्या ग्राहीशी नीट जोडला जात नाही. परंतु जिवंत गर्भातही हेच घडते काय, हा प्रश्न उरला.

फळमाशीची साक्ष

उत्तर फळमाशीने दिले. १९९५ मध्ये पेशीपृष्ठावरील प्रोटिओग्लायकॅनचे गाभा-प्रथिन घडविणारे 'डॅली' जनुक ओळखले गेले. १९९७ पासून शर्करा-शृंखला घडविणाऱ्या विकरांची जनुकेही हाती आली. ती सदोष असता गर्भातील 'विंगलेस' संदेश क्षीण होतो, असे आढळले. अशा रीतीने शर्करेचे कार्य जनुकशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झाले.

भारतात ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला आणि तेथे पुढे फळमाशीच्या जनुकशास्त्राची परंपरा रुजली. प्रस्तुत विषयात महत्त्वाचे ठरते ते हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील एल. एस. शशिधर व सहकाऱ्यांचे २००७ मधील संशोधन. माशीच्या मागील पंखांच्या जागी संतोलक हे छोटे अवयव असतात. तेथे 'अल्ट्राबायथोरॅक्स' हे जनुक डॅलीचे प्रमाण घटवते, परिणामी 'डीपीपी' या वृद्धी-घटकाचा प्रसार मर्यादित होतो, आणि अवयव लहान राहण्याचे हे एक कारण आहे. त्याच वर्षी अमेरिकेतील क्रिकमोर व मान यांनीही असाच निष्कर्ष मांडला.

समारोप

हा प्रश्न माशीपुरता मर्यादित नाही. ग्लिपिकन-३ या डॅलीच्या मानवी नातलग जनुकातील दोषामुळे बालकांत जन्मापूर्वीच अतिवाढ होते, हे १९९६ मध्ये स्पष्ट झाले. अवयवाचा आकार केवळ संदेश किती निर्माण झाला यावर ठरत नाही. तो कोठवर पोहोचला, यावरही ठरतो. म्हणूनच गर्भाची काचपट्टी अभ्यासताना पेशींइतकेच त्यांच्या पृष्ठभागाकडेही लक्ष देणे अगत्याचे आहे.