बंदिवानाच्या रक्ताची परीक्षा

आमच्या वऱ्हाडांत कावीळ म्हटली कीं लोकांस प्रथम पाणी आठवतें, आणि तें अकारण नव्हे. २०१२ सालीं अमरावतीच्या लालखडी भागांत काविळीची जी मोठी सांथ आली ती दूषित पाण्यामुळेंच. परंतु ह्या ओळखीमुळें दुसऱ्या एका काविळीकडे आपलें दुर्लक्ष झालें आहे. ती पाण्यांतून नव्हे, रक्तांतून येते; आणि पुष्कळदां डोळे पिवळे न करतांच वर्षानुवर्षें यकृतांत दबा धरून बसते. हिपॅटायटिस बी आणि सी हे तिचे प्रकार. कारागृहाच्या भिंतींआड तिला विशेष वाव मिळतो, म्हणून अमरावती-अकोल्याच्या बंदिवानांचा विचार करतांना थोडें मागें जावें लागतें.

१८९४ च्या तुरुंगविषयक कायद्यानें नवा कैदी आंत येतांच वैद्यकीय अधिकाऱ्यानें त्यास तपासावें असें ठरविलें. नोंदवहींत लिहावयाचें काय? प्रकृतीची स्थिति, अंगावरील जखमा व खुणा, आणि सक्तमजुरीचा कैदी असल्यास तो कोणत्या प्रतीच्या श्रमास योग्य आहे तें. १९२३ च्या झेंडा-सत्याग्रहांत विनोबा अकोल्याच्या तुरुंगांत होते, तेव्हां हाच कायदा चालू होता. देह तपासावयाचा तो बऱ्याच अंशीं त्याच्याकडून काम घेण्यासाठीं!

विज्ञानानेंही कैद्याचा देह वापरला. १८९७ च्या जानेवारींत हाफकिन ह्यांनीं प्लेगची लस आधीं स्वतःस टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगांतील पुढें आलेल्या कैद्यांस टोचली. तेथें निदान रक्षणाचा हेतु होता. पण १९५० च्या सुमारास अमेरिकेंतील कांहीं तुरुंगांत कैद्यांस काविळीचा संसर्ग मुद्दाम लावून प्रयोग झाले. त्यांस स्वयंसेवक म्हणत. कुलुपाआड दिलेल्या संमतीस संमति म्हणावें काय, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो.

पुढें १९६५ च्या सुमारास ब्लुंबर्ग ह्यांस रक्तांत बी ची खूण सांपडली. सी चा विषाणु १९८९ त ओळखला गेला. तेव्हांपासून थोड्याशा रक्तावरून रोग कळूं लागला. तुरुंगांत त्याची गरज कां, हें सांगणें कठीण नाहीं. एकच पातें अनेकांच्या दाढीवर फिरतें. वेळ जात नाहीं म्हणून कोणी सोबत्याच्या दंडावर सुईनें नांव गोंदतो. कोणी नशेची सुई वांटून घेतो. उलट एका पंगतीस जेवल्यानें किंवा शेजारीं झोंपल्यानें हा रोग लागत नाहीं. हें बराकींतील प्रत्येकास आधीं कळलें पाहिजे, नाहींतर चाचणी म्हणजे वाळीत पडण्याचें निमित्त होईल, आणि शहाणा कैदी हात पुढें करणार नाहीं. निकाल गुप्त राखणें हें म्हणून औषधाइतकेंच महत्त्वाचें.

सी ची पहिली चाचणी केवळ एवढें सांगते कीं, विषाणु केव्हां तरी शरीरांत शिरला होता. तो आज आहे कीं नाहीं तें दुसऱ्या चाचणीनें ठरतें. असल्यास बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनीं तो निघून जातो. बी वर प्रतिबंधक लस आहे; मात्र एकदां जडलेला बी सहसा समूळ जात नाहीं, औषधानें आवरतां येतो. २०१८ च्या जुलैंत सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमानें ही तपासणी व उपचार विनामूल्य केले.

खरी अडचण निराळीच आहे. आपल्या तुरुंगांतील बहुसंख्य लोक शिक्षा झालेले नसून खटल्याचा निकाल लागावयाचे असतात. असा एखादा तिसऱ्या आठवड्यास जामिनावर सुटतो आणि अकोटची किंवा दर्यापूरची एस. टी. धरतो. उरलेल्या नऊ आठवड्यांच्या गोळ्या, चाचणीचा कागद आणि कोणत्या सरकारी रुग्णालयांत जावें त्याची चिठ्ठी त्याच्या पिशवींत आहे काय, हें फाटकाशीं कोणीं तरी पाहावयास हवें.