संधाता प्रशिक्षण (भंडारा जिल्हा)

धातूचे भाग वितळवून एकजीव करणारा कारागीर, म्हणजे वेल्डर, घडविणारा औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील एक वर्षाचा अभ्यासक्रम. १९५० मध्ये सुरू झालेल्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेत त्याचे मूळ असून (पहा : औद्योगिक प्रशिक्षण संस्था) आठवी उत्तीर्ण उमेदवार त्यास पात्र असतो. विद्युत् प्रज्योतीने सांधा भरताना इलेक्ट्रोड व धातू यांतील अल्प अंतर हाताने स्थिर राखणे हे यातील खरे कसब होय; सांध्यावर गोठलेली मळी हातोडीने झाडल्यावरच त्याखालील छिद्रे दिसतात (पहा : वितळजोडकाम). प्रमाणपत्रानंतर १९६१ च्या अधिनियमाखालील शिकाऊ उमेदवारीची वाट खुली होते. वरठीचा पोलाद कारखाना, गडेगावचा वाहन-उद्योग आणि जवाहरनगरची आयुध निर्माणी यांमुळे, तसेच ट्रॅक्टर-ट्रॉलींच्या दुरुस्तीमुळे, या भातशेतीच्या जिल्ह्यात हा व्यवसाय विशेष मोलाचा आहे.