सीटी प्रतिमांना ‘डीप लर्निंग’ची जोड : कमी किरणोत्सर्गात स्पष्ट चित्र, मात्र पडताळणी आवश्यक

बेंगळुरू : शरीराच्या आतील भागाचे छेदचित्र दाखवणारा सीटी स्कॅन हे निदानाचे प्रभावी साधन असले, तरी त्यात एक जुना पेच आहे. क्ष-किरणांची मात्रा वाढवल्यास प्रतिमा स्पष्ट होते, पण रुग्णाच्या शरीरात जाणारा किरणोत्सर्गही वाढतो. मात्रा घटवल्यास प्रतिमा दाणेदार होते. मात्रा निम्मी केली, तर हा दाणेदारपणा सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. हा पेच सोडवण्यासाठी आता ‘डीप लर्निंग’ या संगणकीय तंत्राचा वापर होत आहे.

छातीच्या नेहमीच्या सीटी तपासणीत सुमारे ६ ते ७ मिलिसीव्हर्ट, तर साध्या एक्स-रेमध्ये सुमारे ०.१ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. एका तपासणीचा धोका अल्प मानला जातो. तथापि लहान मुले आणि कर्करोगाच्या उपचारात वारंवार स्कॅन करावे लागणारे रुग्ण यांच्यासाठी मात्रेतील प्रत्येक बचत मोलाची ठरते.

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे स्कॅन झाले. या शोधासाठी त्यांना आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. यंत्र अनेक कोनांतून मोजमापे घेते आणि गणिताच्या साहाय्याने त्यांतून प्रतिमा उभी केली जाते. पुढे आलेल्या पुनरावृत्ती पद्धतींनी दाणेदारपणा कमी केला. परंतु त्यांना वेळ अधिक लागे आणि काही वेळा प्रतिमा कृत्रिम, गुळगुळीत दिसे.

डीप लर्निंगमध्ये संगणकीय जाळ्याला एकाच अवयवाच्या कमी आणि पूर्ण मात्रेच्या प्रतिमांच्या जोड्या दाखवल्या जातात. त्यातून दाणेदारपणा कोणता आणि शरीररचना कोणती, हे ते शिकते. २०१६ मध्ये मेयो क्लिनिक आणि अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने घेतलेल्या स्पर्धेत पूर्ण मात्रेच्या मोजमापांत संगणकाद्वारे दोष मिसळून पाव मात्रेच्या प्रतिमा तयार करण्यात आल्या होत्या. २०१९ मध्ये जीई आणि कॅनन या कंपन्यांच्या अशा प्रणालींना अमेरिकी औषध प्रशासनाने मंजुरी दिली.

वैद्यकीय प्रतिमांच्या या क्षेत्रात बेंगळुरूचे स्थान महत्त्वाचे आहे. जीईचे जॉन एफ. वेल्च तंत्रज्ञान केंद्र येथे २००० पासून कार्यरत आहे. भारतातच रचना आणि उत्पादन झालेला ‘रेव्होल्यूशन अस्पायर’ हा सीटी स्कॅनर विप्रो जीई हेल्थकेअरने २०२२ मध्ये याच शहरातून सादर केला. भारतीय विज्ञान संस्थेतील फणींद्र यलवर्ती यांच्या गटाने नॉर्वेतील संशोधकांसह ‘अनामनेट’ हे जाळे विकसित केले. कोविडबाधित फुप्फुसांच्या सीटी प्रतिमांतील विकृत भाग ते वेगळा दाखवते. प्रचलित ‘यूनेट’ जाळ्याच्या तुलनेत त्यातील गणनघटक ७.८ पटींनी कमी असल्याने ते मोबाइल फोनवरही चालवता आले. मोठ्या संगणकाची सोय नसलेल्या रुग्णालयांच्या दृष्टीने हा गुण उपयुक्त आहे.

मात्र स्वच्छ दिसणारी प्रतिमा अचूक असेलच, असे नाही. यकृतातील लहान, फिकट गाठ आणि दाणेदारपणा यांतील फरक अत्यंत सूक्ष्म असतो. जाळ्याने गाठच पुसून टाकली, तर ती डॉक्टरांच्या नजरेस येणार नाही. मोजमापात अतिसूक्ष्म बदल केला, तरी काही जाळ्यांनी तयार केलेल्या प्रतिमांत मोठे दोष उमटतात, असे २०२० मध्ये ‘पीएनएएस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. ज्या यंत्रांच्या आणि रुग्णांच्या प्रतिमांवर जाळे शिकले, त्यांहून वेगळ्या परिस्थितीतही त्याची कामगिरी घसरू शकते.

भारतात सीटी यंत्रांच्या किरणोत्सर्ग सुरक्षेवर मुंबईस्थित अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपयोगाचे सॉफ्टवेअरही औषध कायद्याच्या कक्षेत आले आहे. त्यामुळे अशा प्रणालीचे मूल्यमापन करताना प्रतिमेच्या स्पष्टतेबरोबरच तिच्या आधारे झालेले निदान किती अचूक ठरले, हेही तपासणे आवश्यक आहे. भारतीय रुग्णांच्या प्रतिमांवरील चाचणी आणि शंका आल्यास मूळ मोजमापांतून प्रतिमा पुन्हा तयार करून पाहण्याची रेडिओलॉजिस्टना असलेली मुभा या त्यातील दोन महत्त्वाच्या बाबी ठरतात.