भरलेली घरं, रिकाम्या खोल्या

हनुमान जयंतीची गर्दी पाहून माझ्या भाच्यानं जामसावळीच्या रस्त्यावर दहा खोल्या बांधायचं मनावर घेतलं. कर्ज काढणार होता. मी इंजिनिअर माणूस. म्हटलं, बाबा, आधी हिशेब कर.

भाच्याच्या डोळ्यांसमोर मालवण-तारकर्ली होतं. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पुढं न्याहारी-निवास योजनेतून घरोघरी खोल्या भाड्यानं निघाल्या. पण तिथंही दिवाळी, नाताळ आणि मे महिना भरलेला. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद, की खोल्याही ओस. चार महिन्यांच्या कमाईवर बारा महिन्यांचं घर चालवायचं.

आपल्याकडं समुद्राच्या जागी तिथी-वार आहेत. सौंसरजवळच्या जामसावळीला पिंपळाखाली पहुडलेल्या हनुमानाच्या दर्शनाला मंगळवारी-शनिवारी रीघ लागते. प्रत्येक मंगळवारी आणि शनिवारी खोली भरली असं धरलं, तरी वर्षात 104 रात्री होतात. म्हणजे 365 पैकी जेमतेम 28 टक्के! तेही लोक मुक्काम करतील तर. नागपूर इतकं जवळ, की बहुतेक जण संध्याकाळी घरी परततात. जे राहतात, ते बरेचदा आजारी माणसाला घेऊन आलेले. त्यांना धर्मशाळेचा आसरा हवा असतो, महागडी खोली नव्हे.

आता पांढुर्णा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. दगडांनी डोकी फुटतात, जीवही गेले आहेत. तरी त्या दिवसांत लेकी-जावई, सोयरेधायरे येतात नि घरं गच्च भरतात. एका म्हाताऱ्या यजमानांना मी भाड्याचं विचारलं, तर म्हणाले, "पाहुण्याले भाडं मांगाचं का बाप्पा?"

तिथंच माझा हिशेब चुकत होता. वर्षातला सर्वांत मोठा मुक्काम इथं कुठल्याच वहीत चढत नाही. तो नात्याच्या खात्यावर जमा होतो. म्हणूनच नुसत्या गर्दीवरून खोल्यांची मागणी ठरवता येत नाही.

2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला. आता कचेऱ्यांची कामं घेऊन माणसं येतील, आणि त्यांचा वार ठरलेला नसेल. भाच्याला मी सांगितलं, आधी दोनच खोल्या बांध, वर्षभर रोज वही लिही, मग ठरव. त्यानं ऐकलं.

आपल्याकडं जुन्या धर्मशाळांच्या मुक्कामाच्या वह्या पडून असतील, तर रद्दीत घालू नका. आपल्या गावाचा इतिहास त्यांतच आहे.