मद्रासच्या न्यायालयात तंजावरची राणी

आपल्या मंडळातील बहुतेक कुटुंबे तंजावरास एकदा तरी जाऊन आलेली आहेत. बृहदीश्वराच्या देवालयात १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आणि राजवाड्यातील सरस्वती महालाच्या पोथ्या पाहून आपण भरल्या अंतःकरणाने परततो. शहाजीराजांचे पुत्र एकोजी, विद्याव्यासंगी सरफोजी ही नावे आपल्या ओठी असतात. परंतु या वैभवाचे जे काही उरले होते त्यासाठी ज्या स्त्रीने आपल्या याच शहरात कंपनी सरकारवर दावा लावला, तिचे नाव क्वचितच कानी येते. ती तंजावरचे अखेरचे राजे, दुसरे शिवाजी, यांची ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई.

नावातच सारा इतिहास आहे. कामाक्षी ही कांचीची देवी. तिला जोडलेले ‘बाईसाहेब’ हे आपल्या घरातले. पावणेदोनशे वर्षे कावेरीकाठी राहिलेल्या मराठी घराण्यात असे नाव कोणाला परके वाटत नव्हते. इंग्रजांनी मात्र कायद्याच्या ग्रंथांत त्याचे ‘कामाची बोये साहेबा’ असे चमत्कारिक रूप करून ठेवले आहे, आणि वकिलांना त्या आजही त्याच नावाने परिचित आहेत.

१७९९ च्या तहाने सरफोजीराजांनी राज्याचा कारभार कंपनीच्या स्वाधीन केला होता. राजांकडे किल्ला, त्याच्या आसपासचा थोडा प्रदेश, नेमणूक आणि मानमरातब एवढेच उरले. १८३२ साली सरफोजी निवर्तले व पुत्र शिवाजी गादीवर आले. ऑक्टोबर १८५५ मध्ये तेही वारले. त्यांना पुत्र नव्हता; मागे सोळा विधवा राण्या व दोन कन्या होत्या. तो काळच वाईट होता. सातारा खालसा होऊन काही वर्षे लोटली होती. १८५४ मध्ये झाशी आणि नागपूर गेली होती, आणि नागपूरकर भोसल्यांच्या जडजवाहिराचा कलकत्त्यात लिलाव पुकारला गेला होता. तंजावरचे रेसिडेंट फोर्ब्ज यांनी कन्येचा वारसा मान्य करावा अशी शिफारस केली होती, हे त्यांच्या बाजूने नमूद करणे न्याय्य होईल. पण कन्येला राज्याचा वारसा पोहोचत नाही असा विलायतेतील संचालकांनी निर्णय दिला. मग त्याच फोर्ब्जना ऑक्टोबर १८५६ मध्ये सैन्यानिशी राजवाड्यात जाऊन मालमत्तेवर मोहरा लावाव्या लागल्या. शासकीय सेवेत हयात घालविलेल्या माझ्यासारख्याला त्या गृहस्थाची अवस्था कळू शकते. आपली टिप्पणी अमान्य झाली तरी अंमलबजावणी आपल्याच हातून व्हावयाची!

केवळ राज्य गेले असते तर ती गोष्ट त्या काळास अनुसरून झाली असती. परंतु दागदागिने, खासगी जमिनी, घरातील चीजवस्तू हे सारे जप्त झाले. राज्य ही एक गोष्ट आणि नवऱ्याची खासगी मिळकत ही दुसरी. पुत्र नसता हिंदू विधवेचा त्या मिळकतीवर हक्क आहे, हा राणीसाहेबांचा मुद्दा होता. तो कोणाही गृहिणीला पटावा इतका सरळ आहे. त्याच वर्षी त्यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात फिर्याद दाखल केली. जॉन ब्रूस नॉर्टन हे नामांकित वकील त्यांच्या बाजूने उभे राहिले. हे न्यायालय त्या काळी समुद्रकिनाऱ्याच्या फर्स्ट लाइन बीचवर, म्हणजे आजच्या राजाजी सालैवर भरत असे.

आणि त्या दावा जिंकल्या! कंपनी ही खासगी मिळकतीची राणीसाहेबांच्या वतीने केवळ विश्वस्त आहे, असा मद्रासच्या न्यायाधीशांनी निवाडा दिला. झाशीच्या लक्ष्मीबाईंनीही तलवार उचलण्यापूर्वी जॉन लँग या वकिलाचा सल्ला घेतला होता, हे आपण विसरतो. तंजावरच्या राणीने तोच मार्ग धरला, आणि काही काळ तरी कंपनीला कंपनीच्याच भूमीवर हार खावी लागली.

सरकारने प्रिव्ही कौन्सिलकडे अपील केले. १८५९ मध्ये लॉर्ड किंग्सडाउन यांनी मद्रासचा निवाडा फिरविला. ही जप्ती म्हणजे एका सार्वभौम सत्तेने केलेले राजकीय कृत्य आहे. ते न्याय्य असो वा अन्याय्य, कोणत्याही न्यायालयाला त्याची चौकशी करता येत नाही, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. सरकारने योग्य केले असे ते म्हणाले नाहीत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ‘शासनाचे कृत्य’ या तत्त्वासाठी भारतातील न्यायालयांत या खटल्याचा दाखला पुढेही दिला जात राहिला.

राणीसाहेब हरल्या तरी प्रकरण मिटले नाही. १८६२ साली सरकारने आदेश काढून खासगी मिळकत परत केली. मात्र हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून. कचेरीत ज्याला आपण ‘विशेष बाब म्हणून’ म्हणतो, तोच हा प्रकार! ज्येष्ठ राणीने व्यवस्था पाहावी, इतर राण्यांना उपभोगात सहभागी करावे, ज्येष्ठ निवर्तल्यावर तिच्या पाठच्या राणीकडे व्यवस्था जावी, आणि अखेरच्या राणीनंतर राजकन्येकडे वा अन्य वारसांकडे मिळकत जावी, असे त्यात ठरविले होते. मला तरी वाटते, दाव्याने जो गाजावाजा झाला त्याखेरीज ही कृपा सुचली नसती.

पुढे धाकट्या राण्या व कामाक्षीबाई यांच्यात वितुष्ट आले. वाटणीचा दावा १८६८ मध्ये मद्रासच्या उच्च न्यायालयात निकाली निघाला. राण्यांची मिळकत एकत्र आहे असे ठरले. एकाच वाड्यात, एकाच पतीच्या नावाने कुंकू पुसलेल्या इतक्या बायका, आणि व्यवस्था एकीच्या हाती! तेव्हा कोणाचे खरे होते हे ठरविण्यास मी धजत नाही. राणीसाहेबांनी दत्तकही घेतला. त्यावरून उद्भवलेले वारशाचे तंटे १९२४ पर्यंत चालू होते, आणि त्यांत कोल्हापूरचे महाराजही एक पक्षकार होते.

या साऱ्या भाऊबंदकीत ग्रंथसंग्रह राजवाड्यातच राहिला. तंजावरचे न्यायाधीश बर्नेल यांनी तेथील संस्कृत पोथ्यांची सूची १८८० साली प्रसिद्ध केली. नागपूरच्या जवाहिराप्रमाणे त्या पोथ्याही कोठे पांगल्या असत्या, तर बर्नेलसाहेबांना सूची करण्यास काय उरले असते? १९१८ मध्ये राजघराण्याच्या वंशजांनी सरस्वती महाल जनतेसाठी खुला केला आणि त्याच्या व्यवस्थेकरिता १ लाख रुपये दिले. पुढच्या वेळी तेथील मोडी कागद पाहाल तेव्हा कामाक्षीबाईसाहेबांचेही नाव घ्यावे, अशी माझी विनंती आहे.